पहिलं तारू: घरी जहाज बांधायला बसणाऱ्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बांधणाऱ्या आमच्या रविवारच्या बैठकीला कोणीतरी नवा माणूस येतो आणि टेकल्या टेकल्या मोबाइलवर फोटो दाखवतो. जहाज बहुतेक वेळा एकच असतं: इंग्रजांचं ‘व्हिक्टरी’, १०४ तोफा, तीन डोलकाठ्या. “हे करायचंय.” मग मास्तर चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “वय काय तुझं?” तो म्हणतो, पंचेचाळीस. “मग जमेल. साठीशांतीला पाण्यात सोडू.”

चेष्टेतलं खरं एवढंच, की १:७२ मापाला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यालाही, त्या जहाजाचा नुसता सांगाडाच जवळजवळ मीटरभर भरतो, दोऱ्या शेकड्यांनी, आणि नवशिक्याचा हात पहिल्या पन्नास तासांत जे जे बिघडवतो ते सगळं त्यावर कायमचं दिसत राहतं. सुट्या भागांच्या तयार संचांचे असे खोके शेवटी माळ्यावर जातात. आमच्या चौघांत मिळून दोन आहेत. त्यातला एक माझा.

आमचे चौघे म्हणजे मास्तर (शाळेतून निवृत्त, पट्टीशिवाय बोलत नाहीत), एक सुतारमामा, उभा जन्म बोटीवर काढलेला एक तारवटी आणि मी. बसतो डिचोलीत, मास्तरांच्या घराच्या पडवीत. तिथे कोणी कोणाची स्तुती करत नाही. माझी पहिली बोट तारवट्याने हातात घेतली, उलटी केली, तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “हें तारूं न्हय रे, कलिंगड!” मग खुर्ची ओढून दीड तास बसून ते कलिंगड का झालं ते मला दाखवलं. त्या दीड तासातलं आणि नंतरच्या अनेक रविवारांतलं जेवढं आठवतं तेवढं इथे सांगतो.

आधी काय बांधायचं

माझं मत ठाम आहे: जी बोट तुम्ही हात लावून बघू शकता ती पहिली. गोव्यात राहून ही चैन आपल्याला फुकट मिळते आणि आपण परदेशातली खोकी मागवत बसतो.

सगळ्यात उत्तम सुरुवात म्हणजे आपली फेरीबोट. हसू नका. सपाट तळ, सरळ बाजू, वर केबिन, पुढे रॅम्प. वाकवायचं काही नाही. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला एकदा जाऊन या, चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. निघण्यापूर्वी घरी टेप लावून आपलं एक पाऊल किती सेंटिमीटरचं ते मोजून ठेवा, मग फेरीवर लांबी-रुंदी पावलांनी घ्या. उंचीसाठी कठड्याजवळ मित्राला उभा करून फोटो काढा. त्याची उंची ठाऊक असली की बाकीचं फोटोवरून पट्टीने निघतं. रॅम्पच्या साखळ्या कुठे अडकवल्यात, गंज कुठून खाली ओघळलाय, रंगाचे पापुद्रे कुठे उडालेत, तेही टिपून ठेवा. खलाशी विचारतील काय करताय. खरं सांगा. मला एकाने नंतर स्वतः बोलावून केबिन दाखवली होती.

माप १:१०० घ्या. एक मीटरला एक सेंटिमीटर, कॅल्क्युलेटर नको. या मापात साधारण उंचीचा माणूस १७ मिलिमीटरचा होतो, दाराच्या मुठी वगैरे करायची गरजच उरत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला एक मिलिमीटर जाडीचा ग्रे बोर्ड, फेविकॉल आणि कटर एवढ्यावर काम होतं. बोर्ड कापला की दोन्ही बाजूंनी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात मारा, नाहीतर जूनमध्ये तुमची फेरी पापडासारखी वळेल. टायर टांगलेले हवे असतील तर जाड वायरीचं प्लास्टिकचं आवरण काढून त्याच्या चकत्या कापा.

लाकडाचीच हौस असेल तर दुसरा मार्ग ठोकळ्यातून कोरलेल्या होडीचा. शिवणीचं लाकूड मिळालं तर बघा. हलकं, मऊ, आणि कोरताना चिरफाळत नाही. आखूड होडीसाठी सुताराकडे उरलेला तुकडा पुरतो. ‘तारिणी’ करायची असेल तरी हीच पद्धत बरी. नौदलाची ‘म्हादेई’ आणि २०१७ साली दाखल झालेली ‘तारिणी’, दोन्ही पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या शिडाच्या नौका इथेच दिवाडीला बांधल्या. ‘तारिणी’ १७ मीटरची, म्हणजे १:४८ला ३५ सेंटिमीटर, टेबलावर मावते. अंग गुळगुळीत, रंगवलेलं, त्यामुळे आतला ठोकळा कोणाला दिसत नाही.

तिसरा मार्ग खोक्यातल्या तयार संचाचा. घ्यायचाच तर एका डोलकाठीची, तोफा नसलेली बोट घ्या.

आणि कोणते मोह टाळायचे तेही सांगतो. ‘तरंगिणी’ वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधली, १९९७ला नौदलात गेली. ५४ मीटर लांब म्हणजे १:१००ला ५४ सेंटिमीटर. माप ऐकून तोंडाला पाणी सुटतं, पण तीन डोलकाठ्या आणि वीस शिडं आहेत, चौथ्या-पाचव्या कामाला घ्या. ‘कौंडिण्य’ तर त्याहून अवघड. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं हे जहाज २०२५मध्ये नौदलात आलं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, काथ्याने शिवलेल्या आहेत. १:४८ला ते जेमतेम ४१ सेंटिमीटर होतं आणि तो काथ्या केसाएवढा. सुतारमामांनी तीन फळ्या शिवून पाहिल्या आणि चौथ्या दिवशी म्हणाले, “माझी म्हातारी करील. तिला सुईत दोरा ओवता येतो.”

हत्यारं

फार लागत नाहीत. मोडत्या पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, काटकोन, १२०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे दोन डझन. बारीक कामाची हत्यारं हार्डवेअरच्या दुकानात शोधू नका, सोनारांना माल पुरवणाऱ्या दुकानात जा. तिथे बारीक कानशी, केसासारखी करवतीची पाती, टोकदार चिमटे आणि अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडणारं हातड्रिल मिळतं, तेही छंदाच्या दुकानापेक्षा स्वस्तात. विजेची यंत्रं पहिल्या वर्षी घेऊ नका. चूकसुद्धा यंत्राच्या वेगाने होते.

पॉलिश पेपर कधीही बोटाखाली धरून घासू नये, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून घासावा. बोटाने घासलं की खळगे पडतात. कलिंगडाचं एक कारण हे होतं.

सांगाडा आणि फळ्या

इथे जरा थांबून सांगतो, कारण जहाज बिघडतं ते इथेच. डोलकाठी वाकडी झाली तर बदलता येते, रंग खरवडता येतो; सांगाडा वाकडा झाला तर नवं जहाज.

संचातल्या जहाजाला मधोमध उभा कणा असतो. आपल्या किनाऱ्यावरचे जुने बोटवाले त्याला पठाण म्हणतात, आम्ही आळसाने कीलच म्हणतो. त्यावर आडव्या फ्रेमा बसतात, माशाच्या काट्यासारख्या. गोंद लावण्याआधी कील काचेवर आडवी ठेवा, खिडकीची जुनी काच चालेल. खालून कागद सरकला तर ती वाकलेली आहे. गोव्यातल्या हवेत प्लायवूड वाकतंच. दोन्ही बाजूंना ओलं फडकं फिरवा, वजनाखाली दोन दिवस दाबून ठेवा. त्यानंतर सगळ्या फ्रेमा गोंदाशिवाय बसवून बघा आणि समोरून एका डोळ्याने पाहा. सगळ्या एका रेषेत दिसल्या, की मगच फेविकॉल.

फेविक्विकचा मोह होईल. मी एकदा भर जुलैत सगळा सांगाडा फेविक्विकने जोडला. झटपट चिकटला म्हणून खूष होतो. सकाळी बघतो तर प्रत्येक सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी झाक. दमट हवेत त्याची वाफ लाकडावर अशी पांढरी बसते. आत झाकलं जाणार असेल तर ठीक, डेकवर मात्र नको. शिवाय फेविकॉल सावकाश धरतो, म्हणजे चूक सुधारायला दहा मिनिटं मिळतात. पावसाळ्यात तर वीस.

आता फ्रेमांच्या कडा तासायच्या. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या फ्रेमांवरून फळी तिरकी जाते, त्यामुळे कड चौकोनी ठेवली तर फळी फक्त तिच्या टोकावर टेकते. एक लवचिक पट्टी हातात धरून पुढून मागे टेकवून बघा. जिथे फट दिसते तिथे भर घाला, जिथे उंचवटा लागतो तिथे घासा. पट्टी सगळ्या फ्रेमांना एकसारखी टेकेपर्यंत हेच चालू. कंटाळा येईल. तारवटी म्हणतो, कंटाळा आला की अर्धं झालं.

मग फळ्या. नव्या माणसाला वाटतं फळ्या सरळ लावत जायच्या, भिंतीला रंगाचे पट्टे ओढावेत तशा. पण जहाजाचं पोट मधे फुगीर आणि पुढे निमुळतं असतं. सारख्या रुंदीच्या फळ्या लावल्या तर पुढे त्यांना जागाच पुरत नाही. त्या एकमेकींवर चढतात, वर वळतात, आणि माणूस त्या फेविकॉलने नि शिव्यांनी दाबून बसवतो. म्हणून आधी हिशेब. कागदाची पट्टी मधल्या फ्रेमेवर डेकपासून कीलपर्यंत चिकटवून लांबी मोजा. समजा ९० मिलिमीटर आली आणि फळी ५ मिलिमीटरची आहे, म्हणजे १८ फळ्या. आता तीच पट्टी सर्वांत पुढच्या फ्रेमेवर लावा. समजा ६० आली. ६० भागिले १८, साधारण ३.३. म्हणजे प्रत्येक फळी पुढच्या टोकाला ३.३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. हिशेब अर्ध्यापेक्षा खाली गेला तर फळी तेवढी बारीक करू नका. दोन फळ्यांच्या जागी पुढे एकच न्या. मागच्या बाजूला उलट होतं, तिथे कधीकधी फटी पडतात आणि पाचरीसारखा तुकडा घालावा लागतो.

हा हिशेब मी मास्तरांकडून शिकलो, आणि त्यांनी तो मला भाजीच्या पिशवीवर लिहून दिला होता. पिशवी अजून आहे.

वाकवण्यासाठी पातळ फळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ज्यांनी लहानपणी बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील केलाय त्यांच्या हाताला हे आपोआप कळतं: लाकडाला विचारत विचारत वाकवायचं, हुकूम सोडायचा नाही. सोल्डरिंगच्या गरम दांड्यावर ओली फळी हळूहळू फिरवली की ती वळण धरते. वळलेली फळी चिमट्यांनी जागेवर नुसती अडकवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, पूर्ण सुकल्यावर, चिकटवा. ओलीच चिकटवली तर सुकताना आकसते आणि दोन फळ्यांमधून उजेड दिसतो.

एक फळी डावीकडे, की लगेच एक उजवीकडे. हा नियम मोडू नका. मी एका सुट्टीच्या दिवशी उत्साहात डावीकडच्या सात लावल्या. ओढ एकाच बाजूला बसली, कील वळली, आणि जहाजाचं केळं झालं. वेलचीचं नव्हे, चांगलं मोयऱ्याचं केळं. ते अजून माझ्या कपाटावर आहे. पाहुण्यांना मी सांगतो, वळण घेत असतानाचं आहे.

फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढल्या असतील तर घाबरू नका, पहिला थर असाच होतो. १२० नंबरने घासा, घासलेला भुसा फेविकॉलमध्ये कालवून फटी बुजवा, पुन्हा घासा. बऱ्याच संचांत वर दुसरा पातळ थर येतो आणि पहिल्याची लाज झाकली जाते. डोळे मिटून हात फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. तारवट्याने अंगठा फिरवला होता तो याचसाठी.

डोलकाठी आणि दोर

डोलकाठीला बांबू घ्या. सरळ दाण्याचा, वाळलेला तुकडा चिरून हातड्रिलमध्ये धरा आणि पॉलिश पेपरच्या घडीतून फिरवत ओढा, वर निमुळता होत जातो. खराट्यातले हीर फारच छोट्या बोटींना आडव्या काठ्या म्हणून चालतात, पण जुने ठिसूळ असतात आणि खराटा आईला न विचारता मोडू नये.

दोरीसाठी पॉलिएस्टरचा दोरा. सुती दोरा दिसतो छान, पण दमट हवेत आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो. पावसाळ्यात डोलकाठ्या वाकवतो आणि जानेवारीत दोऱ्या लोंबतात. कोणताही दोरा आधी मधमाशीच्या मेणातून ओढून घ्या, त्यावरची लव बसते. लव राहिली तर त्या मापात ती दोरीला दाढी आल्यासारखी दिसते.

रंगाचा साधा नियम: डोलकाठीला ताणून धरणाऱ्या कायमच्या दोऱ्या गडद, कारण खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावत, शिडं ओढणाऱ्या हलत्या दोऱ्या फिक्या. बांधताना आतून बाहेर या, म्हणजे आधी डोलकाठीजवळच्या, मग कडेच्या. उलट केलंत तर बोटं शिरणार नाहीत.

डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीच्या आडव्या पायऱ्या प्रत्येक उभ्या दोरीवर क्लोव्ह हिचने, म्हणजे दोन उलट वेढ्यांच्या गाठीने बांधतात. हिशेब करून बघा: दोन डोलकाठ्यांच्या लहान जहाजाला चार शिड्या, प्रत्येकीत पाच उभ्या दोऱ्या आणि वीस पायऱ्या धरल्या तर ४०० गाठी झाल्या. उभ्या दोऱ्यांच्या मागे रेघा मारलेला कागद लावा म्हणजे पायऱ्या समांतर राहतील. आणि गाठ ओढू नका, नुसती बसवा. ओढलीत तर उभ्या दोऱ्या मधे खेचल्या जातात आणि शिडीला कंबर येते.

तारवट्याची परीक्षा ठरलेली आहे. तो कोणत्याही एका दोरीवर बोट ठेवतो आणि विचारतो, “ही खंय वता?” ही जाते कुठे? उत्तर हवं: या कप्पीतून, त्या खुंटीला, ती ओढली की अमुक शीड वर जातं. नुसती “शोभेला” म्हणालात तर तो दोरी कापत नाही, पण चहा पिताना तुमच्याकडे बघतही नाही. दोरी कमी चालेल, खोटी चालत नाही.

रंग आणि काच

रंग पातळ, दोन-तीन हात, आणि चकचकीत कधीच नको. एवढ्या लहान वस्तूवर चकाकी खेळण्यासारखी दिसते. पावसाच्या दिवशी वार्निश उघडू नका, दुधाळ होतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा फळ्या आणि हिशेबांचा काळ, रंगाचं काम दिवाळीनंतर.

काचेची पेटी मात्र जहाज पुरं होण्याआधीच सुताराला सांगून ठेवा. पितळी बारीक वस्तू खाऱ्या हवेत काळ्या पडतात, त्यांना आधी लॅकर मारा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बदला. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका. माझ्या एका मित्राकडे वाळवी भिंतीतून पेटीच्या फळीत, फळीतून स्टँडमध्ये आणि तिथून तळात शिरली. वरून जहाज जसंच्या तसं होतं. उचललं, आणि तळ टेबलावर राहिला.

पाण्यात सोडायचं असेल तर

माझी या नादाची सुरुवात काचेच्या पेटीतून झालीच नाही. साखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत लोक हाताने केलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या बोटी सोडतात. मी शाळेत असताना थर्माकोलची एक केली होती, भल्यामोठ्या शिडाची. काठावर ती सगळ्यांत देखणी दिसत होती. पाण्यात टेकवली आणि आडवी झाली, दिवा विझला.

तेव्हा न कळलेलं आता सांगतो: तरंगणाऱ्या बोटीत वजन खाली हवं. कीलच्या तळाशी शिशाच्या गोळ्या किंवा नट-बोल्ट चिकटवा, वरचं सगळं हलकं ठेवा, आणि नदीवर जाण्याआधी घरी बादलीत बघा. शिडाला बोटाने टोचा. आडवी होऊन पुन्हा उभी राहिली तर चालेल. फेविकॉलचे साधे प्रकार पाण्यात सुटतात, तेव्हा डब्यावर पाण्याला टिकणारा म्हणून लिहिलेला घ्या आणि वर रंगाचे दोन हात जास्त द्या. ज्याला महिनोन्‌महिने बसायचा धीर नाही त्याने इथूनच सुरुवात करावी, पंधरा दिवसांत बोट होते आणि तिचं काय चुकलं ते नदी लगेच सांगते.

सल्ला कसा घ्यावा

फोटो दाखवून विचारू नका, वस्तू घेऊन या. फोटो नेहमी चांगल्या बाजूचा काढलेला असतो. वाईट बाजू वर करून टेबलावर ठेवा. तिघं तीन गोष्टी सांगतील आणि मास्तर चौथी. ज्याने ती चूक स्वतः केलेली आहे त्याचं ऐका. सुतारमामा लाकडाबद्दल बोलतील ते प्रमाण, दोऱ्यांबद्दल बोलतील ते सोडून द्या. तारवट्याचं उलट. कोणी हसलं तर तुम्हीही हसा, कारण हसणाऱ्याच्या घरी याहून वाईट काहीतरी ठेवलेलं असतं.

पहिल्या रविवारी येताना फेरीची मापं, ग्रे बोर्ड आणि गरम भजी आणा. आणि आधीच कुठे काही सुरू करून केळं झालं असेल, तर तेही आणा. माझ्या कपाटावर अजून जागा आहे, जोडी होईल.